जुन्या सामानाची विजेची सायकल : काय जुनें चालेल, काय चालणार नाहीं

अलीकडे महाड व पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतील तरुण मंडळींत एक नवी हौस उत्पन्न झालेली दिसते. माळ्यावर धूळ खात पडलेली सायकल खालीं काढावयाची, शहरांतील भंगारवाल्याकडून विजेवरील दुचाकीची जुनी मोटर व कंट्रोलर मिळवावयाचा, कोठून तरी बॅटरीचे सेल जमवावयाचे, आणि हें सर्व घरच्या घरीं जुळवून विजेची सायकल तयार करावयाची, अशी ही हौस आहे. तिजविषयीं शेतकरी मंडळींत दोन मतें ऐकूं येतात. वडील माणसें म्हणतात, हा पोरखेळ आहे आणि यांत एखादे दिवशीं घर जळेल. मुलें म्हणतात, पेट्रोलचा पैसा वाचतो, तयार विजेची गाडी घ्यावी तर तिची किंमत लाखाच्या घरांत जाते, तेव्हां आम्हांस अडवूं नका. प्रस्तुत लेखकाचें मत या दोहोंपेक्षां निराळें आहे. सायकल अवश्य बांधावी. तींतील बहुतेक सामान जुनें असण्यास हरकत नाहीं. परंतु बॅटरी मात्र जुनी, किंवा जुन्या सेलांची बांधलेली, असूं नये. मग ती कितीही स्वस्त मिळो. हा एक नियम पाळला तर पोरखेळाचा उद्योग होईल. न पाळला तर वडील माणसांचें भाकीत खरें ठरण्यास वेळ लागणार नाहीं.

प्रथम हिशेब पाहूं, कारण शेतकऱ्यास कोणतीही गोष्ट हिशेबानेंच पटते. महाराष्ट्रांत पेट्रोलचा दर लिटरला शंभर रुपयांच्या वर आहे. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर जाते असें धरलें, तरी किलोमीटरला दोन रुपये नुसत्या तेलाचे झाले. विजेची सायकल सपाट रस्त्यावर किलोमीटरला सुमारें १२ वॉट-तास वीज खाते; चार्जरमधील नुकसान धरून १५ समजा. म्हणजे १०० किलोमीटरांस दीड युनिट. युनिटला दहा रुपये पडले तरी पंधरा रुपयांत काम भागलें. मात्र हा हिशेब येथेंच थांबवणारे लोक स्वतःची फसवणूक करून घेतात. बॅटरी ही झिजणारी वस्तु आहे. समजा, दहा हजारांची चांगली लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी घेतली, ती हजार वेळां भरली आणि दर खेपेस वीस किलोमीटर चालली, तर किलोमीटरला पन्नास पैसे बॅटरीचे म्हणून बाजूस काढावे लागतात. तरीसुद्धां एकूण खर्च पेट्रोलच्या एक तृतीयांशाच्या आंतच राहतो. डेअरीवर दुधाचा कॅन पोहोंचविणें, गिरणींत दळण नेणें, शेतावर डबा किंवा फवारणीचा पंप नेणें, अशा चार-दोन किलोमीटरांच्या खेपांनाच घरचें पेट्रोल अधिक जळतें हें ज्याच्या त्याच्या अनुभवाचें आहे. या खेपांना ताशीं वीस किलोमीटरांचा वेग पुरून उरतो.

अशा गोष्टी आपल्याच लोकांनीं पूर्वीं केल्या आहेत. नांदेड जिल्ह्यांत अर्धापूर तालुक्यांतील एका फूलउत्पादक शेतकऱ्यानें बाजारांत फुलें नेण्याच्या पेट्रोलखर्चास कंटाळून मोटारसायकलीस विजेची मोटर व बॅटरी बसविली, त्यास सुमारें चाळीस हजार रुपये खर्च आला, हें वृत्त २०२२ सालीं सर्वत्र प्रसिद्ध झालें. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेचें काम त्याहून जुनें आहे. तेथें डॉ. अनिल राजवंशी यांनीं पायडलच्या रिक्षांत सुधारणा केली व विजेवरील रिक्षाही बनविली, आणि त्याविषयींचा लेख २००२ सालीं 'करंट सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. शेतीच्या संस्थेनें रिक्षा कां करावी, असें कोणी विचारील. परंतु माल आणि माणूस शेतापासून बाजारापर्यंत कसा जातो हा शेतीचाच प्रश्न आहे. आणखी मागें गेलें तर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें होतें. पुढें कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर त्याच हातांनीं तयार केला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. सायकलीचा पाना धरणारा हात नांगरापर्यंत पोहोंचतो, हें ज्या महाराष्ट्रानें पाहिलें त्यानें आपल्या मुलांच्या या खटपटीस पोरखेळ म्हणूं नये. चाकाच्या तुंब्यांतच मोटर बसविण्याची कल्पनाही नवी नाहीं. अमेरिकेंत ऑग्डेन बोल्टन नांवाच्या गृहस्थानें मागील चाकांत मोटर असलेल्या सायकलीचें पेटंट १८९५ सालीं घेतलें होतें. त्या काळीं अडलें होतें तें बॅटरीपाशींच, आणि आजही घोडें तेथेंच अडतें.

आतां कोणतें सामान जुनें चालेल तें सांगतों.

सायकल जुनी चालते. किंबहुना जुनी जाड लोखंडी सायकलच या कामास अधिक योग्य. मात्र रंगाखालीं गंज किती आहे तें खरवडून पाहावें, आणि जेथें नळ्या जोडल्या आहेत तेथें केसासारखी चीर नाहीं याची खात्री करून घ्यावी. आमच्याकडील चार महिन्यांच्या पावसांत बाहेर राहिलेली सायकल वरून धड दिसली तरी आंतून पोकळ झालेली असते. मोटरही जुनी चालते. तुंब्यांतील मोटर घेतांना एक साधी परीक्षा करावी. तिच्या तीन जाड तारा एकमेकींस न लावतां चाक हातानें फिरवावें. तें सहज फिरलें पाहिजे. मग तिन्ही तारा एकत्र जोडून फिरवावें. आतां तें जड फिरलें पाहिजे. तारा सुट्या असतांनाच जड फिरत असेल तर आंतील गुंडाळी जळून चिकटलेली आहे असें समजावें. तारा जोडूनही हलकें फिरत असेल तर कोठें तरी तार तुटली आहे. आंत दांतेचक्रें असलेल्या मोटरींत चाक उलट दिशेनें फिरवून ही परीक्षा घ्यावी लागते, कारण सुलट दिशेनें तें चाक मोटरीस सोडूनच फिरतें. साखळीनें चालणारी २४ व्होल्ट, २५० वॉटची मोटर घेतली तर तिच्या कार्बनच्या कांड्या किती झिजल्या आहेत तें पाहावें. त्या नव्या मिळतात. कंट्रोलर जुना असल्यास त्याचा व्होल्ट बॅटरीशीं जुळला पाहिजे, इतकें पुरे. ब्रेक दाबतांच मोटर बंद करणारा खटका त्यास जोडण्याची सोय असावी, आणि ती वापरावी.

येथें आमच्या तालुक्यास विशेष लागू असलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री व गांधारी या नद्यांचें पाणी महाड शहरांत शिरलें, तेव्हां किती वाहनें बुडालीं हें येथील माणसास सांगावयास नको. त्याच दिवसांत चिपळूणही बुडालें होतें. अशीं बुडालेलीं वाहनें कांहीं समुद्रांत वाहून गेलीं नाहींत. तीं मोडींत निघालीं, आणि त्यांचे सुटे भाग धुवून पुसून बाजारांत फिरतात. पुरांत बुडालेली मोटर ओळखतां येते. झांकण उघडलें कीं चुंबकांवर तांबडा गंज आणि कोपऱ्यांत बारीक, वाळलेला गाळ दिसतो. ती मोटर साफ करून, नवें बेअरिंग घालून कदाचित् चालेल. पण बुडालेली बॅटरी कोणत्याही उपायानें पुन्हां विश्वासाची होत नाहीं, आणि ती वरून ओळखतांही येत नाहीं, कारण तिजवर नवा निळा पापुद्रा चढविला कीं ती नवीच दिसते. अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत २०२२ च्या सप्टेंबरांत मोठें वादळ होऊन समुद्राचें पाणी शहरांत शिरलें. त्यांत बुडालेल्या विजेच्या मोटारींपैकीं कांहीं पुढें पाणी ओसरल्यानंतर, उभ्या जागीं, आपोआप पेटल्या. महाडची खाडी भरतीच्या वेळीं खारें पाणी आंत घेते, हें लक्षांत ठेवावें.

बॅटरीविषयीं अधिक सविस्तर लिहिणें भाग आहे, कारण सर्व चूक येथेंच होते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले बोटाएवढे गोल सेल, १८ मिलिमीटर जाडीचे व ६५ मिलिमीटर लांबीचे, शहरांत किलोच्या भावानें मिळतात. पोरें ते आणतात, मल्टिमीटरनें प्रत्येकाचा व्होल्ट पाहतात, जे बरे दिसतात ते निवडतात आणि डाग देऊन जोडतात. त्यांच्या मेहनतीविषयीं मला आदरच आहे. परंतु व्होल्ट पाहणें म्हणजे बैलाचे फक्त दांत पाहण्यासारखें आहे. दांतांवरून वय कळतें; तो जोताला किती वेळ टिकेल हें कळत नाहीं. सेल किती वेळां भरला, किती तापला, किती दिवस रिकामा पडून राहिला, त्याच्या आंतील पातळ पडद्यास कोठें इजा झाली आहे काय, यांपैकीं कांहींही व्होल्टावरून समजत नाहीं. मग असे निरनिराळ्या वयाचे सेल एका माळेंत ओंवले म्हणजे काय होतें? माळेंतील सर्वांमधून वीज सारखीच वाहते. जो अशक्त आहे तो सर्वांआधीं रिकामा होतो आणि सर्वांआधीं भरतो. रिकामा झाल्यावर इतर सेल त्यास ओढीत नेतात. भरल्यावर चार्जर त्यास आणखी भरीत राहतो. या दोन्ही प्रसंगीं त्याची आंतून खराबी होते आणि तो अधिकच अशक्त होतो. बीएमएस नांवाची जी पाटी बॅटरीस लावतात ती प्रत्येक गटाचा व्होल्ट पाहून वेळीं वीज तोडते, हें खरें. पण गटांत चार सेल शेजारीं शेजारीं जोडलेले असले तर त्यांतील कोणता बिघडला आहे हें तिला दिसत नाहीं, आणि एखाद्या सेलांत आंतल्या आंत दोन ध्रुव जुळले तर तिला कांहींच करतां येत नाहीं. पेटलेला एक सेल शेजारच्यास पेटवितो. ती आग मातीनें किंवा घोंगडीनें दबत नाहीं, कारण तिला लागणारी उष्णता सेलांतच उत्पन्न होते. भरपूर पाणी मारून थंड करणें एवढाच उपाय उरतो. निघणारा धूर विषारी असतो.

हें भय केवळ आमच्या मनांतील नव्हे. वसई येथें २०२२ च्या सप्टेंबरांत घरांत चार्जिंगला लावलेली दुचाकीची बॅटरी रात्रीं फुटली, जवळच झोंपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि कांहीं दिवसांनीं दगावला. जी बॅटरी घरीं जुळविलेली नव्हती तिची ही कथा, मग जुन्या सेलांच्या बॅटरीचा भरंवसा कोणी द्यावा? चीनमध्यें नानजिंग शहरांत २०२४ च्या फेब्रुवारींत एका इमारतीच्या तळमजल्यावर, जेथें विजेच्या सायकली ठेवीत, तेथें आग लागून पंधरा माणसें मेलीं. न्यूयॉर्क शहरानें तर २०२३ सालीं वापरलेल्या बॅटरींतून काढलेले सेल घेऊन नवी बॅटरी बांधण्यास कायद्यानेंच मनाई केली. जेथें अग्निशामक दल पांच मिनिटांत दारीं येतें त्या शहरास असा कायदा करावासा वाटला. पोलादपूरच्या एखाद्या वाडींत आग लागली तर बंब येईपर्यंत काय शिल्लक राहील?

आणि आमचीं घरें कशीं असतात तेंही पाहावें. पडवींत सरपण, माळ्यावर पेंढा, ओटीवर भाताचीं पोतीं, गोठा घरास लागून. दाराशीं सायकल लावून रात्रभर चार्जिंगला ठेवावयाची म्हणजे आग लागलीच तर बाहेर पडण्याची एकमेव वाट तीच अडविणार. म्हणून बॅटरी नवी असली तरी ती दिवसा, माणसें जागीं असतांना, पेंढ्यापासून व गोठ्यापासून दूर, उघड्या अंगणांत छपराखालीं दगडी किंवा सिमेंटच्या जमिनीवर भरावी. चार्जर त्याच जातीच्या बॅटरीचा असावा. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला लावणें, किंवा ३६ व्होल्टचा चार्जर २४ व्होल्टच्या बॅटरीस लावणें, यांत कांटकसर नाहीं. बॅटरीपासून निघणाऱ्या पहिल्याच तारेवर, वीतभर अंतराच्या आंत, फ्यूज घालावा. २५० वॉटच्या २४ व्होल्ट मोटरीस साधारण दहा-अकरा अँपिअर लागतात, चढावर त्याहून अधिक. तेव्हां वीस-पंचवीस अँपिअरचा फ्यूज व त्यास साजेशी जाड तार. घरांतील दिव्याची तार येथें वापरूं नये.

नव्या बॅटरींतही जात पाहून घ्यावी. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी तेवढ्याच विजेस थोडी जड व मोठी होते, पण तापण्याच्या बाबतींत ती इतर लिथियम जातींहून पुष्कळ सोशिक आहे आणि अधिक वेळां भरतां येते. सायकलीस दीड-दोन किलो वजन अधिक झाल्यानें शेतकऱ्याचें कांहीं बिघडत नाहीं. आपण पंचेचाळीस किलोची युरियाची गोण वाहणारी माणसें. शिशाची बॅटरी पेटण्याचें भय सर्वांत कमी, पण ती फार जड आणि लौकर मरते. फलटणच्या प्रयोगांतील रिक्षाही शिशाच्या बॅटरीवरच चालत. ज्यास अगदींच थोडें जावयाचें आहे त्यानें नवी शिशाची घ्यावी, जुनी लिथियम घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

डोंगराळ भागांत सायकल काय कामाची, असा आक्षेप पोलादपूरकर घेतील आणि तो बराच खरा आहे. सावित्रीच्या कांठानें महाड, बिरवाडी, पोलादपूर या पट्ट्यांत फारसा चढ नाहीं. तेथें ही सायकल चांगली चालेल. वरच्या वाड्यांचें तसें नाहीं. स्वार साठ किलो, सायकल तीस, ओझें तीस, असें १२० किलो वजन धरा. सोळास एक या चढावर ताशीं दहा किलोमीटरांच्या वेगानें हें वजन वर नेण्यास केवळ उंचीपोटीं सुमारें २०० वॉट लागतात. म्हणजे २५० वॉटची मोटर आपली सर्व शक्ति तेथेंच खर्च करते, आणि पाय मारल्यावांचून सुटका नाहीं. पोलादपुराहून आंबेनळी घाटानें महाबळेश्वर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंचीचें ठिकाण, गाठावयाचें तर एवढ्या वजनास नुसती उंची चढण्यांतच चारशें वॉट-तास जातात. घरीं बांधलेल्या सायकलीची बॅटरी साधारणतः तीनशेंची. त्यामुळें 'आमच्या सायकलीनें घाट चढूं' असें कोणी म्हणाल्यास पेन्सिल-कागद घेऊन त्यास बसवावें. तुंब्यांतील मोटर चढावर हळूं फिरते, हळूं फिरली कीं अधिक तापते आणि शेवटीं जळते. साखळीवर चालणारी मोटर, मागें मोठें दांतेचक्र लावून, चढास अधिक बरी. आमच्याच जिल्ह्यांत माथेरानला २०२२ च्या डिसेंबरांत विजेच्या रिक्षा प्रयोगादाखल सुरू झाल्या व त्या तो चढ चढल्या. परंतु त्या कारखान्यांत केलेल्या गाड्या होत्या. सायकलीस मोटर बांधून तें साधत नाहीं.

चढण्यापेक्षां उतरण्याची चिंता मला अधिक वाटते. पेट्रोलची गाडी गिअरमध्यें घातली कीं इंजिन तिला मागें ओढून धरतें. विजेच्या साध्या सायकलीस तसा कांहीं आधार नाहीं. सर्व भार दोन रबरी गुटक्यांवर, आणि आषाढांतील ओल्या रिमवर ते गुटके साबणासारखे घसरतात. मोटर व बॅटरी बसविल्यानें सायकलीचें वजन जवळजवळ दीडपट होतें, वेग दुप्पट होतो आणि ब्रेक मात्र आजोबांच्या वेळचे राहतात. म्हणून बॅटरीखालोखाल ब्रेक नवे असावेत, बनल्यास डिस्कचे. तुंब्यांतील मोटर पुढील चिमट्यांत बसविली असेल तर तिचा आंस फिरूं नये म्हणून पोलादाची एक पट्टी आंसास व चिमट्यास घट्ट बांधावी. नाहीं तर भर वेगांत आंस चिमट्याचें तोंड फाकवून बाहेर येतो. ही पट्टी कोणताही लोहार तासाभरांत करून देईल.

आतां कायद्याविषयीं. गांवांत सर्वत्र असें बोललें जातें कीं, अडीचशें वॉट व ताशीं पंचवीस किलोमीटरांच्या आंतील विजेच्या दुचाकीस परवाना नको, नंबर नको, विमा नको. हें अर्धें खरें आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत अशी सूट आहे खरी: मोटरची शक्ति पाव किलोवॉटच्या आंत, वेग पंचविसाच्या आंत, बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत, योग्य ब्रेक, पुढें पांढरा व मागें तांबडा परावर्तक. पण त्या नमुन्यास मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची संमति असावी, अशीही अट त्याच नियमांत आहे. कारखानदार ती घेतो; आपल्या पडवींत जुळविलेल्या सायकलीनें ती घेतलेली नसते. तेव्हां सूट आपोआप लागू होते असें कोणीं समजूं नये. मोटारसायकलीचें इंजिन काढून मोटर बसविणें तर याहून मोठा फेरफार आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणें मान्य झालेला संच बसवून नोंदणीपुस्तकांत बदल करून घ्यावा लागतो. २०२२ सालीं राज्याच्या परिवहन खात्यानें बेकायदा फेरफार केलेल्या विजेच्या दुचाकींविरुद्ध मोहीमही काढली होती. सांगली जिल्ह्यांत देवराष्ट्रें येथील एका कारागिरानें जुन्या सामानांतून साठ हजारांत चारचाकी गाडी केली, तेव्हां उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं २०२१ च्या डिसेंबरांत तिचें कौतुक केलें. पण ती नियमांत बसत नसल्यामुळें आज ना उद्यां अडविली जाईल हेंही त्यांनींच सांगितलें, आणि पुढील महिन्यांत तिच्या बदल्यांत त्या कारागिरास नवी गाडी दिली. प्रत्येकास असा दाता भेटत नसतो. अपघातांत समोरच्यास इजा झाली तर कागद नसलेल्या गाडीचा विमा नाहीं, आणि भरपाई द्यावी लागते ती सातबारावर नांव असलेल्या बापास. राष्ट्रीय महामार्गावर तर ही सायकल नेऊंच नये. चौपदरी रस्त्यावर ताशीं वीस किलोमीटरांनें जाणारें वाहन मागून येणाऱ्या कंटेनरला दिसतें तें उशिरां.

महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास कागदाचें वेड असतें, असें लोक म्हणतात. असो. पण या बाबतींत एकेकट्या मुलानें धडपडण्यापेक्षां आपल्या संघानें हें काम हातीं घ्यावें असें मला वाटतें. नव्या बॅटऱ्या व त्यांचे चार्जर दहा-वीस एकदम, पक्क्या पावतीनें व हमीपत्रासह मागविल्या तर दर उतरतो, आणि मुलांनीं जुने सेल आणण्याचें मुख्य कारणच नाहींसें होतें. महाडपासून जवळच लोणेरें येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस व शिक्षकांस संघानें विनंति करावी कीं, वर्षांतून दोन वेळां, पावसापूर्वीं एकदां व दिवाळीनंतर एकदां, सभासदांनीं बांधलेल्या सायकली तपासून द्याव्या. त्यांना शिकण्यास साहित्य मिळेल, आम्हांस डोळे मिळतील. खराब झालेल्या बॅटऱ्या शेतांत किंवा नदींत टाकूं नयेत, भंगारवाल्यास फोडावयास देऊं नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणें त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि संघानें खरेदी एकत्र केली तर परतही एकत्र करतां येतील.

संघाच्या कचेरींत यासाठीं एक नोंदवही ठेवावी. तींत सायकल कोणाची, मोटर किती वॉटची व कोठून आणली, बॅटरीचा अनुक्रमांक व खरेदीची तारीख, फ्यूज किती अँपिअरचा, ब्रेक केव्हां बदलले आणि कोणीं तपासले, एवढे रकाने पुरेत. आणि पेण येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयास संघाच्या नांवें एकच लेखी अर्ज करावा: आमच्या सभासदांनीं अमुक वर्णनाच्या सायकली बांधल्या आहेत, त्या कोणत्या अटींवर गांवच्या रस्त्यावर चालवितां येतील, चाचणी कोठें व किती खर्चांत होईल, याचें लेखी उत्तर मिळावें. अर्जाची पोंच घ्यावी व आवक क्रमांक टिपून ठेवावा. उत्तर येईपर्यंत या सायकली स्वतःच्या शेतांत, बांधावर व खळ्यावरच वापराव्या. अर्जाचा मसुदा मी तयार केला असून तो संघाच्या चिटणिसांकडे दिला आहे. ज्यांनीं सायकल बांधली आहे किंवा बांधावयास घेतली आहे त्यांनीं आपल्या मोटरीवरील पाटीची नक्कल त्यांच्याकडे आणून द्यावी, म्हणजे ती अर्जासोबत जोडतां येईल.